ग्वाल्हेर दरबारची आगबोट

५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९६४ पासूनची ही प्रथा. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबई बंदरातून लंडनकडे निघाली आणि भारतीय मालकीच्या परदेशगामी जलवाहतुकीचा आरंभ झाला, असे त्या निमित्ताने सांगितले जाते. ग्वाल्हेरातील आम्हां मराठी मंडळींना या दिवसाचा अंमळ अधिकच अभिमान वाटतो. बोट आपल्या महाराजांची होती आणि कंपनीचे नाव ‘सिंदिया’, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढे मात्र आमच्या घरांतून ऐकू येणारी माहिती बरीच सैल आहे. पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे ती कंपनीच शिंदे सरकारांची होती. काहींच्या मते बोट इंग्रजांनी बुडविली. बोट कोणीही बुडविली नाही आणि कंपनीही दरबारची नव्हती. त्या बोटीचे खरे दुखणे तिच्या पोटात, म्हणजे यंत्रघरात होते, आणि त्याविषयी आमच्याकडे कोणी फारसे बोलत नाही. ते बोलावे म्हणून हा लेख.

निमित्त थोडे निराळे घडले. लष्करचे वाडे सोडून जिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, सिटी सेंटरच्या सदनिकांत राहावयास आलेल्या आमच्या पिढीला हल्ली समुद्रसहलीचे वेड लागले आहे. मुले परदेशी असतात, तीच तिकिटे काढून देतात. अशाच एका परिचित दांपत्याची सहल मध्यंतरी एका परदेशी बंदरात दीड दिवस खोळंबली. बोटीवर घोषणा झाली ती एवढीच की ‘प्रॉपल्शन’मध्ये काही बिघाड आहे. परत आल्यावर त्यांनी विचारले, ‘एवढी मोठी बोट, वर पोहण्याचा तलाव, आत नाटकगृह, आणि चालायचे तेवढे जमेना, हे कसे?’ प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्ही पुन्हा लॉयल्टीपाशीच येऊन पोहोचलो.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की समुद्रावरचा खोळंबा हा यंत्रापेक्षाही जुना आहे. शिडाच्या दिवसांत वारा पडला की गलबत उभे. पण त्यावरही आपल्या दर्यावर्दी लोकांनी तोड काढली होती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात तोफा वाहणाऱ्या जड गुराबांबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांची हलकी गलबते असत. वारा पडला म्हणजे ही गलबते गुराबेला दोर लावून ओढून नेत, आणि निवांत समुद्रात अडकून पडलेले इंग्रजांचे उंच जहाज आंग्र्यांच्या हाती सापडे. पहिली शक्ती निकामी झाली तर दुसरी हाताशी असावी, हे तत्त्व त्यात होते. त्याच आंग्रे घराण्याची एक शाखा पुढे ग्वाल्हेरच्या सरदारांत नांदली. आपल्या शहरातील सरदार संभाजीराव आंग्रे यांचे नाव तर जुन्या वाचकांस परिचित आहेच. तेव्हा समुद्र ग्वाल्हेरपासून शेकडो कोस दूर असला तरी आमच्या वस्तीला तो अगदीच परका नव्हता. शिवाय १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर भडोच बंदर महादजी शिंद्यांकडे आले आणि १८०३ पर्यंत शिंद्यांच्या दौलतीत राहिले, ही गोष्ट आमच्याकडचे इतिहासप्रेमीही सहसा विसरतात.

वाफ आली तेव्हा लोकांस वाटले, आता वाऱ्याची मिनतवारी संपली. प्रत्यक्षात एका धन्याच्या जागी दुसरा धनी आला. १८२५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ नावाची आगबोट इंग्लंडहून कलकत्त्यास निघाली. सत्तर दिवसांच्या आत प्रवास झाला तर इनाम, असे ठरले होते. तिला ११३ दिवस लागले. यंत्राने ती चालली खरी, पण कोळसा पुरेना, म्हणून वाटेत बराच काळ तिला शिडेच उभारावी लागली. आपल्या मुंबईची गोष्ट याहून मनोरंजक आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० रोजी सुवेझला निघाली. साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची तिच्यात सोय. कप्तान विल्सनने जागा मिळेल तेथे, उतारूंच्या खोल्यांपर्यंत कोळसा भरला. अकराव्या दिवशी ती एडनला पोहोचली तेव्हा शिल्लक कोळसा सुमारे सहा तासांचा होता! सुवेझला जाण्यास तिला तेहतीस दिवसांच्या आसपास लागले आणि त्यांतील बारा-एक दिवस वाटेतल्या बंदरांवर कोळसा चढविण्यातच गेले. म्हणजे यंत्र निर्दोष असूनही एकतृतीयांश प्रवास खोळंब्याचा.

पुढे बाजूच्या चाकांऐवजी पिछाडीला पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा आला, आणि खोळंब्याचे एक नवे कारणही आले. यंत्र बोटीच्या मध्यावर, पंखा अगदी शेवटी, आणि या दोहोंना जोडणारा लांबलचक पोलादी दांडा. तो एका अरुंद बोगद्यातून जातो आणि बोटीच्या अंगाबाहेर पडतो. जेथे तो बाहेर पडतो तेथे पाणी आत न येता तो फिरत राहिला पाहिजे. तेथे धातूवर धातू घासून झिजत असे. शेवटी १८५० नंतरच्या दशकात जॉन पेन या इंग्रज यंत्रज्ञाने त्या जागी लिग्नम व्हिटे या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या बसविल्या, आणि समुद्राचे पाणीच त्यांचे वंगण झाले. लोखंडी बोटीचे सारे ओझे पुढे नेणारा दांडा लाकडाच्या खोबणीत फिरत होता, ही गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटते.

हा दांडा मोडतो कसा? बोट लाटांवर सरळ राहत नाही. मध्यावर लाट आली की दोन्ही टोके खाली लवतात, दोन लाटांच्या मध्ये आली की पोट खाली लवते. दांडा आत दर लाटेगणिक किंचित वाकतो आणि सरळ होतो. त्यातच पिछाडी वर उचलली गेली की पंखा पाण्याबाहेर येऊन भणाणून फिरतो आणि पुन्हा पाण्यात शिरताच त्याला एकाएकी धक्का बसतो. तार वारंवार वाकवून तोडावी तसे वर्षानुवर्षे चालते. वरून काही दिसत नाही. एके दिवशी भर समुद्रात दांड्याला तडा जातो. म्हणूनच एका पंख्याच्या आगबोटींवर डोलकाठ्या आणि शिडे पुष्कळ वर्षे ठेवलेली होती. लोकांस ती जुन्या सवयीची खूण वाटे. ती खरी विम्याची रक्कम होती. डिसेंबर १८९२ मध्ये ‘अंब्रिया’ ही अटलांटिकवरील नामांकित टपालबोट दांडा फुटून भर हिवाळ्यात थांबली. उतारूंचा नाताळ समुद्रातच गेला. बोटीवरील मुख्य यंत्रज्ञाने जागच्या जागी दांडा बांधून काढला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी बोट कशीबशी न्यूयॉर्कला लागली.

यावरचा उपाय आंग्र्यांच्या गलबतांचाच, निराळ्या रूपात: दोन यंत्रे, दोन दांडे, दोन पंखे. एक गेले तर दुसऱ्यावर घर गाठावे. आणि येथे एक गणित असे आहे की ते समजल्यावाचून बोटींचे वेळापत्रक समजत नाही. पाण्यात वेग वाढवावयाचा तर शक्ती त्याच्या घनाच्या प्रमाणात लागते. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती जवळजवळ आठपट. याची दुसरी बाजू फायद्याची आहे. निम्मी शक्ती गेली तरी वेग निम्मा होत नाही, हिशेबाने सुमारे चारपंचमांश उरतो. थांबलेला पंखा पाण्यात ओढला जातो आणि सुकाणू सतत एका बाजूला धरावे लागते, ते वजा केले तरी सोळा नॉटांची बोट एका पंख्यावर अकरा-बारा नॉटांनी चालू शकते. उशीर होतो, पण बोट पोहोचते.

अर्थात दोन पंखे म्हणजे सर्व संकटांतून सुटका, असेही नाही. मार्च १८९० मध्ये दोन पंख्यांच्या ‘सिटी ऑफ पॅरिस’चा एक दांडा मोडला. भार नाहीसा झालेले यंत्र बेफाम फिरून स्वतःच फुटले, त्याच्या तुकड्यांनी मधली भिंत फोडली, आणि पाणी दोन्ही यंत्रघरांत शिरले. बोट ओढून आयर्लंडच्या किनाऱ्याला आणावी लागली.

त्याच वर्षी, ३० ऑगस्ट १८९० रोजी, इंग्लंडमधील बॅरो येथे दोन पंख्यांची आणखी एक बोट पाण्यात उतरली. तिचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. हीच पुढे आपली लॉयल्टी. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने ती व्हँकुव्हरहून जपान-चीनकडे टपाल आणि उतारू नेण्यासाठी बांधून घेतली. लांबी ४५६ फूट, रुंदी ५१ फूट, वजन सुमारे ५,९०० टन, वेग सोळा नॉट. पांढरा रंग, जुन्या शिडाच्या जहाजासारखी निमुळती नाळ, तीन डोलकाठ्या आणि दोन धुराडी. पॅसिफिकवर तेव्हा दोन पंख्यांची उतारूबोट ही नवलाई होती. ही चैन कोणासाठी? सरकारी टपालासाठी. या मार्गाकरिता ब्रिटिश आणि कॅनडा सरकार मिळून वर्षाला ६०,००० पौंड देत होते, आणि टपाल वेळेवर पोहोचणे ही त्या पैशाची अट होती. दुसऱ्या पंख्याचा खर्च त्या रकमेतून निघत होता, असे आम्हांस दिसते. वेळ पाळणे हा कप्तानाचा गुण मानला जातो, पण मुळात तो कोणीतरी पैसे मोजून विकत घेतलेला असतो.

‘एम्प्रेस’ने ती नोकरी बावीस-तेवीस वर्षे इमानाने केली. १९१३ मध्ये तिच्या जागी ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ ही जवळजवळ तिप्पट वजनाची, चार पंख्यांची नवी बोट आली आणि जुनी एम्प्रेस विक्रीस निघाली. तेवढ्यात महायुद्ध पेटले.

येथे माधवराव महाराज शिंदे येतात. यंत्रांचा त्यांना किती नाद होता हे जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील चांदीची आगगाडी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वेही त्यांच्याच कारकिर्दीतली. श्योपूरला जाणाऱ्या तिच्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या फाट्यावरील उशिराच्या कथा आमच्या वाचकांजवळ विपुल असतील. २०२० मध्ये ती गाडी बंद झाली. पण महाराजांचा समुद्राशी संबंध १९१४ च्याही आधीचा. १९०० साली चीनमधील मोहिमेच्या वेळी त्यांनी स्वखर्चाने ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका दिली होती, आणि ते स्वतः जनरल गॅसली यांच्या हाताखाली चीनला गेले होते. त्यामुळे १९१४ मध्ये हिंदी जखमी सैनिकांसाठी पुन्हा रुग्णनौका द्यावी ही कल्पना त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकत घेण्यात आली, इतर संस्थानिकांनीही खर्चाचा वाटा उचलला, आणि १९ जानेवारी १९१५ रोजी तिचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवण्यात आले. युद्ध संपेपर्यंत ती हजारो जखमींची ने-आण करीत होती.

रुग्णनौकेला पोहोचण्याची घाई असते, पण ठरलेले वेळापत्रक नसते. जखमी भरले की निघावयाचे. त्यामुळे जुन्या यंत्राचा मंदपणा या चार वर्षांत फारसा जाणवला नसावा. मात्र युद्धाच्या घाईत दुरुस्तीला उसंत कोठून मिळणार?

१९१९ च्या आरंभी मुंबईत वालचंद हिराचंद बोटीच्या शोधात होते. सोलापूरला जन्मलेले, मूळ गुजराती, महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या घराण्यातले. आपल्यासारखेच म्हणा, फक्त दिशा उलटी. ग्वाल्हेरच्या महाराजांची बोट विकाऊ आहे हे त्यांना एका रेल्वेप्रवासातील गप्पांत कळले, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन त्यांनी व्यवहार पुरा केला. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली. ज्यांच्याकडून पहिली बोट घेतली त्यांच्या घराण्याचे नाव कंपनीला लाभले. भांडवल आणि जोखीम मात्र मुंबईच्या व्यापाऱ्यांची. ग्वाल्हेरने कंपनीला एक नाव दिले आणि एक अठ्ठावीस वर्षांची बोट.

नोंदणीनंतर अवघ्या नवव्या दिवशी बोट निघाली. तारखेचा योग पाहा. ५ एप्रिल १९१९ नंतर दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ मुंबईत पाळला गेला. स्वदेशी जलवाहतुकीचा पहिला प्रयोग त्या हरताळाच्या आदल्या दिवशी ‘राजनिष्ठा’ नावाच्या बोटीवरून समुद्रात गेला! नाव बदलण्याचे कोणास सुचले नाही की वेळ नव्हता, कोण जाणे. असो.

आता मूळ मुद्द्याकडे. लॉयल्टीची कथा सांगताना लॉर्ड इंचकेप आणि त्यांच्या ब्रिटिश कंपन्यांची दांडगाई सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. भाडी पाडून नव्या कंपनीला श्वास घेऊ द्यावयाचा नाही, हा त्यांचा जुना डाव. तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांच्या स्वदेशी कंपनीवर ‘गालिया’ आणि ‘लावो’ या दोन बोटींसह तोच प्रसंग दहा-बारा वर्षांपूर्वी गुदरला होता. परंतु भाडेयुद्ध टिकविण्यासाठी बोट वेळेवर आणि कमी खर्चात चालावी लागते. लॉयल्टीला १९१९ मध्ये या दोन्ही गोष्टी कितपत शक्य होत्या?

ती टपालासाठी बांधलेली बोट होती. लांबट, वेगवान, कोळसा खाणारी. माल भरण्यास जागा थोडी. जेव्हा वर्षाला ६०,००० पौंडांचा आधार होता तेव्हा हा खर्च झेपत होता. तो आधार कॅनडातच राहिला. वेगाचे जे गणित वर सांगितले ते कोळशालाही लागू आहे. सोळा नॉट धरावयाचे तर तोटा, बारा नॉट धरावयाचे तर उतारू प्रतिस्पर्ध्याकडे. जुन्या बोटीची दुखणीही ठरलेली असतात. बॉयलरमध्ये क्षार साठतात. वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या नळ्या झिजून खारे पाणी आत झिरपते आणि बॉयलर आणखी बिघडतो. दांड्याचे आधार सैल होतात, मग कंप वाढतो, कंपाने आणखी सैल होतात. यातले प्रत्येक दुखणे दुरुस्त होते, पण गोदीत. गोदीत उभ्या बोटीला भाडे मिळत नाही, आणि खलाशांचा पगार थांबत नाही. मोठ्या कंपनीची एक बोट गोदीत गेली तर दुसरी तिच्या फेरीवर जाते. सिंदियाच्या ताफ्यात आरंभी दुसरी बोटच नव्हती. लॉयल्टीच्या पोटात दोन पंखे होते, पण कंपनीला एकच. आमच्या मते १९१९ चे धाडस समजून घ्यावयाचे असेल तर ते येथे आहे. मुंबईच्या धक्क्यावरचे हार, भाषणे आणि निरोप यांतून ते नीट दिसत नाही.

हा प्रकार आता इतिहासजमा झाला, असे कोणी समजू नये. बेलफास्ट या टायटॅनिकच्या जन्मगावी मे २०२४ मध्ये ‘ओडिसी’ नावाची सहलीची बोट पृथ्वीप्रदक्षिणेला निघावयाची होती. ती तीन वर्षांहून अधिक काळाची सहल. लोकांनी घरेदारे आवरून खोल्या घेतल्या होत्या. कंपनी नवी, बोट एकच, आणि ती १९९३ साली बांधलेली. सुकाणूचा दांडा आणि यंत्राची गिअरपेटी यांत दोष निघाले, आणि बोट जवळजवळ चार महिने बेलफास्ट सोडू शकली नाही. प्रवासी शहरातल्या हॉटेलांत राहत आणि दिवसा बोटीवर येऊन जेवून परत जात. सप्टेंबर सरता सरता ती हलली. आमच्या डोळ्यांसमोर मात्र बेलफास्ट नव्हते, १९१९ ची मुंबई होती. नवी कंपनी, एकुलती एक बोट, आणि तिचे वय तिशीच्या आसपास.

केवळ जुन्याच बोटी अडतात असेही नाही. ‘क्वीन एलिझाबेथ २’ ही नवीकोरी असताना १९६८ च्या अखेरीस चाचणीतच तिच्या टर्बाइनची पाती तुटली. मालक कंपनीने ताबा घेण्यास नकार दिला आणि जानेवारीतला पहिला प्रवास २ मे १९६९ वर गेला. हीच बोट एप्रिल १९७४ मध्ये बर्म्युडाजवळ तिन्ही बॉयलर बंद पडून तरंगत राहिली. बॉयलरच्या पाण्यात तेल मिसळले होते, इतकेच. शेवटी ‘सी व्हेंचर’ या दुसऱ्या बोटीने उतारूंना बर्म्युडाला नेले. १९८६-८७ मध्ये तिची वाफेची यंत्रे काढून डिझेलवर वीज निर्माण करणारी यंत्रे बसविली, तेव्हा कोठे ती सुरळीत चालू लागली.

आणि येथेच आमच्या परिचितांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आजच्या बहुतेक मोठ्या सहलीच्या बोटींत डिझेल यंत्रे वीज करतात. ती चार असतील, सहा असतील. एक बंद पडले तर दिवे, वातानुकूलन, स्वयंपाकघर सारे चालू राहते. बोटीला पुढे नेणाऱ्या विद्युत मोटारी मात्र दोन-तीनच. गेल्या पंचवीस वर्षांत तर या मोटारी बोटीच्या तळाखाली, पाण्यात टांगलेल्या फिरत्या कोशात बसवू लागले. त्यामुळे लांब दांडा गेला, वेगळे सुकाणू गेले, बोट जागच्या जागी वळू लागली. पण त्या कोशातले बेअरिंग बिघडले तर ते दुरुस्त करण्यास बहुधा बोटच कोरड्या गोदीत घ्यावी लागते. एवढ्या आकाराची गोदी जगात थोड्या ठिकाणी, आणि ती महिनोन्‌महिने आधी ठरलेली. अंब्रियाचा यंत्रज्ञ भर समुद्रात दांड्यापाशी पोहोचू तरी शकला. आजच्या यंत्रज्ञाला दुखऱ्या जागेपाशी जाता येईलच असे नाही. २००० नंतर बांधलेल्या काही बोटींच्या अशाच कोशांवरून रॉयल कॅरिबियन आणि रोल्स-रॉइस यांच्यात कित्येक वर्षे न्यायालयात वाद चालला.

जानेवारी २००६ मध्ये चार कोशांच्या ‘क्वीन मेरी २’चा एक कोश फ्लोरिडाच्या बंदरातून निघताना कडेला आपटून निकामी झाला. उरलेल्या तीन कोशांवर ती रिओकडे चालू लागली. धोका नव्हता, पण वेग कमी झाल्याने वाटेतली बंदरे गाळावी लागली, आणि संतापलेल्या उतारूंनी रिओला बोटीवरून उतरणार नाही अशी धमकी दिली. कंपनीने भाडे परत केले. टपालबोटीला एके ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचावयाचे असते, त्यामुळे उशीर म्हणजे उशीर. सहलीच्या बोटीचे तसे नाही. दोन बंदरांत ६०० सागरी मैल असतील तर वीस नॉटांनी तीस तास, पंधरा नॉटांनी चाळीस. ते दहा तास म्हणजे किनाऱ्यावरचा सबंध दिवस. बंदरातला धक्का त्या दिवसापुरताच राखलेला असतो, दुसऱ्या दिवशी तेथे दुसरी बोट उभी. म्हणून बंदरच गाळतात. उतारूला वाटते आपले बंदर चोरले. वस्तुतः पाव वेग गेलेला असतो.

लॉयल्टीच्या अखेरीविषयी थोडे सांगावयाचे राहिले. दोन वर्षे ती कशीबशी राबली, आणि १९२१ मध्ये मुंबईतच नांगरून ठेवण्यात आली. कंपनीने तोवर मालवाहू बोटी घेऊन किनारपट्टीच्या आणि ब्रह्मदेशाच्या व्यापाराकडे मोहरा वळविला होता. त्या बोटी सावकाश चालणाऱ्या आणि माल भरपूर वाहणाऱ्या होत्या. त्यांनीच कंपनी जगविली. १९२३ मध्ये इंचकेप यांच्या कंपन्यांशी दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाला किनाऱ्याच्या व्यापारात जागा मिळाली, परदेशी मार्ग सोडावे लागले. याच वर्षी फेब्रुवारीत लॉयल्टी मोडीत विकली गेली. १९२९ नंतर वालचंद स्वतः अध्यक्ष झाले. सिंदियाच्या विशाखापट्टणच्या कारखान्यात बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. परदेशातील जुनी बोट घेऊन व्यवसाय सुरू करण्याची रीत मात्र संपली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या सहली सुरू झाल्या, त्या बोटीचा जन्म १९९० चा. तिचे नाव ‘एम्प्रेस’.

लॉयल्टी मुंबईत मोडली तेव्हा माधवराव महाराज हयात होते. १९२५ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.